चमच्याचं नाव

ठिपक्याला भरवण्यात माझा हात धरणारं आमच्या घरात कुणी नव्हतं. आईच्या हातून तो तीन चमचे खायचा, बापाच्या हातून दीड, आणि माझ्या हातून अख्खी वाटी. रिकामी वाटी मी ओट्यावर अशी आपटायचे की शेजारणीलाही कळावं, आजचा किल्ला सर झाला.

मी त्याची आत्या. लग्न केलं नाही. का, ते इथे सांगत बसत नाही. दादा-वहिनीकडे राहते आणि दुपारच्या पाळीला कापडाच्या दुकानात मीटर मोजते. वहिनी शाळेत शिकवते, ती सकाळी सातला बाहेर पडते. दादा बसमध्ये तिकीट तपासनीस, त्याच्या येण्याजाण्याचा भरवसा नाही. म्हणून सकाळची आणि दुपारची वाटी माझ्या वाट्याला.

ठिपका सातव्या महिन्यातच जन्मला. सोनोग्राफीच्या पहिल्या फोटोत जेवढा ठिपका दिसला होता, जवळजवळ तेवढाच बाहेर आला, असं दादा म्हणायचा. तेच नाव पडलं. पहिले पाच महिने त्याचं दूध नाकातल्या नळीतून गेलं. नळी निघाली त्या दिवशी आम्हाला वाटलं, सुटलो. पण ज्या तोंडाजवळ पाच महिने फक्त चिकटपट्ट्या, नळ्या आणि औषधाचे थेंब आले, त्या तोंडाला जेवण ही चांगली गोष्ट आहे हे कळणार कसं? हे मला आज सुचतंय. तेव्हा एवढंच डोक्यात होतं की पोराचं वजन वाढत नाही आणि वाटी संपली पाहिजे.

माझी पद्धत साधी होती. त्याला उंच खुर्चीत बसवायचं, पट्टा लावायचा, समोर मोबाइल ठेवायचा. डाव्या हाताने हनुवटी धरायची. तो रडायला लागला की तोंड उघडतंच, त्या क्षणी चमचा आत. आणि प्रत्येक चमच्याला लाडाने म्हणायचं, "हा शेवटचा हं राजा. हा बघ, शेवटचा." तेवढ्या आशेवर तो क्षणभर थांबायचा. वाटी संपेपर्यंत दहा-बारा शेवटचे व्हायचे. लहान मुलांशी सगळेच असं बोलतात.

त्यात एक गंमत होती. साडेतीन वर्षांचा झाला तरी ठिपका मोजकेच शब्द बोलायचा, आणि चमच्याला तो 'शेवटचा' म्हणायचा. ड्रॉवर उघडला की आत बोट दाखवून, "शेवटचा, शेवटचा." एकदा भांड्यांच्या दुकानात चमच्यांचा ढीग बघून तो "शेवटचे! शेवटचे!" असं ओरडत थेट रस्त्यावर पळाला. हा किस्सा मी आमच्या दुकानातल्या बायकांना किती वेळा रंगवून सांगितला असेल. सगळ्या पोट धरून हसायच्या. मीही हसायचे.

मग त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. वाटी संपली की पाच मिनिटांत सगळं बाहेर. मग मी परत वाटी भरायचे, कारण हार मानणं माझ्या रक्तात नाही.

"दहा किलो चारशे," डॉक्टरांनी काट्यावरचा आकडा वाचला. "मागच्या वर्षी याच महिन्यात दहा दोनशे होतं." डॉक्टर तोडून बोलणारे नव्हते, पण सरळ बोलणारे होते. हे असंच चाललं तर पोटातून नळी घालावी लागेल, म्हणाले. छोटं ऑपरेशन, पोटाला एक भोक, त्यातून दूध आत. वहिनीने ठिपक्याला असं छातीशी घट्ट धरलं, की नळी आताच टेबलावर ठेवलेली असावी. तिने पाच महिने ती नाकातली नळी बघितली होती. पुन्हा नळी म्हणजे तिच्या दृष्टीने सगळं पुसून पहिल्यापासून.

डॉक्टरांनी सहा आठवडे दिले. दुसऱ्या मजल्यावर एक फीडिंग थेरपिस्ट बसतात, न जेवणाऱ्या मुलांना खायला शिकवतात, तोवर त्यांच्याकडे जा, म्हणाले. "फक्त एक लक्षात ठेवा. काटा दहाच्या खाली गेला, तर मी थांबणार नाही."

थेरपिस्ट बाई बुटक्या, स्थूल, पन्नाशीच्या. खोलीत ठेंगणं टेबल, रंगीत चटई, खेळण्यांची टोपली आणि कोपऱ्यात तिपाईवर कॅमेरा. त्या म्हणाल्या, घरी जसं भरवता तसंच इथे भरवा, मी नुसती बघते. मी बाह्या सरसावल्या. घरून आणलेला दुधात कुस्करलेला बटाटा काढला आणि माझी सगळी कला दाखवली. वाटी संपली. मी त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं, की आता द्या शाबासकी.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तुम्ही 'शेवटचा' किती वेळा म्हणालात, आठवतंय?"

"म्हणाले असेन दोन-तीनदा."

"सोळा वेळा. आणि चमचे तेरा होते."

दादा खुदकन हसला. बाईंनी कॅमेऱ्यातलं चित्रण आम्हाला आधी आवाज बंद करून दाखवलं. ठिपका मोबाइल बघतोय. मग अचानक त्याचे खांदे कानांपर्यंत वर जातात, श्वास थांबतो, डोळे घट्ट मिटतात. थोड्या वेळाने चमचा येतो. पुन्हा खांदे वर, पुन्हा श्वास बंद, मग चमचा. "आता आवाज लावते," त्या म्हणाल्या. आवाज आला आणि माझं मलाच ऐकू आलं. खांदे वर जात होते ते माझ्या शब्दावर. चमचा तेव्हा अजून वाटीतच असायचा.

इकडे चटईवर ठिपक्याला टोपलीत प्लॅस्टिकचा चमचा सापडला होता. तो त्याने दोन्ही हातांनी लांब ढकलला. "शेवटचा नको."

"चमच्याला शेवटचा म्हणतो तो," दादाने हसत सांगितलं, आणि मीही सवयीने भांड्यांच्या दुकानाचा किस्सा सुरू केला. तो रस्त्यावर पळाला, इथवर आले. बाई हसत नव्हत्या.

"हे नाव त्याला कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

माझा किस्सा तिथेच राहिला. वहिनी जमिनीकडे बघत होती. दादाने खोकल्याचं निमित्त केलं. पोराने काही चूक केली नव्हती. रोज एक वस्तू समोर यायची, ती धरून मी जो शब्द म्हणायचे, तेच त्या वस्तूचं नाव असं त्याला वाटलं. चेंडू दाखवून 'चेंडू' म्हटलं की पोर चेंडू म्हणतं, तसंच. 'शेवटचा' म्हणजे 'आता संपलं', हे त्याला कळायला आयुष्यात एकदा तरी खरंच संपायला हवं होतं.

मी कापड मोजते. मीटरमागे बोटभर कमी गेलं तर मला चैन पडत नाही. त्यापायी मालकाशी दोनदा भांडले आहे. आणि घरी येऊन तीन वर्षांच्या पोराला जेवणागणिक सोळा वेळा फसवत होते. लाज वाटली. पण माझा स्वभाव असा की लाज वाटली की आधी रागच येतो. "मग काय उपाशी ठेवू त्याला?" मी तणतणले.

"नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "ताट समोर ठेवा, आणि भरवणं थांबवा."

त्यांचे नियम ऐकून माझा तिळपापड झाला. ठिपका आमच्यासोबत टेबलाशी बसणार, आम्ही जेवतो तेच त्याच्याही ताटात असणार, आणि आम्ही त्याच्याकडे बघायचं नाही. 'खा' म्हणायचं नाही, खाल्लं तर शाबास म्हणायचं नाही, नाही खाल्लं तर सुस्कारा सोडायचा नाही. त्याने हात घालावा, वास घ्यावा, थुंकावं, फेकावं. वीस मिनिटं झाली की ताट उचलायचं. डॉक्टरांनी दिलेली पावडर घातलेलं दूध तो कपाने स्वतः पितो, तेवढं चालू. बाकी हाताची घडी, तोंडावर बोट. मी मनातल्या मनात बाईंचं नाव मौनीबाई ठेवून टाकलं.

आणि 'शेवटचा' हा शब्द जेवणात बंद. इतर ठिकाणी मात्र मुद्दाम वापरायचा, पण तो खरा करून दाखवायचा. आंघोळीचा शेवटचा मग म्हणजे शेवटचा; बादलीत पाणी उरलं आणि कानामागे साबण राहिला तरी पुढचा ओतायचा नाही. शेवटचा झोका म्हणजे शेवटचा, पोराने आकांत केला तरी.

"वजन आधी उतरेल," मौनीबाईंनी बजावलं. "त्या वेळी हात शिवशिवतील. तेव्हाच आवरायचे."

पहिल्या सोमवारी काटा दहा तीनशेवर होता. दुसऱ्या सोमवारी दहा दोनशे. जेवायला बसलो की आम्ही तिघं मूग गिळून बसायचो आणि ठिपका काहीच गिळायचा नाही. मी अक्षरशः स्वतःचे हात मांडीखाली घालून बसायचे. समोर पोर बटाट्याकडे बघतंय, बटाटा पोराकडे बघतोय, आणि मी खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या मोजतेय. त्या चार होत्या. चौथ्या दिवसापासून मला त्या टाक्यांचाही राग यायला लागला.

दुसऱ्या आठवड्यात ओकाऱ्या थांबल्या. तिसऱ्यात त्याने बटाट्यात बोट घातलं आणि ते दादाच्या नाकाला पुसलं. दादा तसाच नाक घेऊन जेवला, हसला नाही की पुसलं नाही. माझ्या भावाबद्दल मला इतका अभिमान क्वचितच वाटलाय. चौथ्यात त्याने टोस्टचा कोपरा चाटला. चमचे ड्रॉवरमधून काढून डब्यावर वाजवू लागला. आणि काटा दहा किलो नव्वद ग्रॅमवर आला.

आंघोळीचं निराळंच. सुरुवातीला मी "शेवटचा मग" म्हटलं की तो खांदे वर करून पुढच्या मगाची वाट बघत तसाच उभा राहायचा, अंग पुसायला घेतलं तरी. मग एका सकाळी मी मग उचलला तर तोच म्हणाला, "शेवटचा?" असा प्रश्नासारखा. मी म्हटलं, "नाही, अजून दोन." त्याने दोन मग अंगावर घेतले, तिसऱ्याकडे बघितलं. तिसरा आला नाही. तो बराच वेळ बादलीत वाकून बघत होता.

घरात मात्र तोंडं वाकडी व्हायला लागली होती. "अमुक ग्रॅम उतरलं" असं एकमेकांना सांगताना आम्ही आवाज खाली आणायचो, घरात कुणी आजारी असल्यासारखा. एकदा मी चिडून म्हणाले, "माझ्या हातून खायचा तेव्हा निदान दहा चारशे होता." वहिनी भांडी घासत होती. तिने नळ बंद केला. ती सहसा बोलत नाही.

"तुमच्या हातून खायचा, ताई, म्हणून तर मी गप्प राहिले. तो किंचाळायचा, मला खालच्या मजल्यापर्यंत ऐकू यायचं. जिन्यातच थांबायचे मी. तुमचं संपलं की वर यायचे."

मला वाटायचं, शाळेतून येताना ती रमतगमत येते. तसं मी तिला एकदा टोमण्यात म्हणालेही होते.

पाचव्या सोमवारी दहा किलो चाळीस ग्रॅम. डॉक्टरांनी आकडा लिहून ठेवला. आणि त्याच आठवड्यात ठिपक्याला सर्दी झाली. नाक चोंदलं, दोन दिवस दुधाचा कपही त्याने बाजूला सारला. सर्दी गेली, दूध सुरू झालं, पण व्हायचं ते नुकसान झालं होतं.

सहावा सोमवार उजाडला. हॉस्पिटलमध्ये वजन करायचं होतं साडेनऊ वाजता. वहिनी शाळेत सही करून, रजा टाकून परस्पर हॉस्पिटलमध्ये येणार होती. आठ वाजता दादाने घरी आणलेल्या काट्यावर ठिपक्याला उभं केलं. नऊ किलो नऊशे वीस. दादाने त्याला उतरवलं, काटा झटकला, पुन्हा उभं केलं. तेवढंच.

"ऐक," दादा मला स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि कुजबुजला. "वाटी किती ग्रॅमची? दोनशे? दोनशे ग्रॅम पोटात गेले की काटा दोनशेने वर. साधा हिशोब आहे. आत्ता भरव. वजन झाल्यावर ओकला तर ओकू दे."

"आणि बाईंना काय सांगायचं?"

"काही नाही सांगायचं. अगं, एक दिवस! आजचा दिवस निभावला की परत तुमचं ते हाताची घडी, तोंडावर बोट." त्याचे डोळे लाल झाले होते. "तुला त्याच्या पोटाला भोक पडलेलं चालणार आहे का? वहिनीकडे बघवेल तुला? तुझ्याच हातून खातो तो. दुसऱ्या कुणाला सांगू मी?"

आयुष्यभर बिनतिकिटाचे प्रवासी पकडलेला माणूस मला काट्याला फसवायला सांगत होता, आणि मला त्याचा राग आला नाही. मीसुद्धा रात्रभर तोच हिशोब करत होते. मी बटाटा कुस्करला, दूध घातलं, गाठ राहू नये म्हणून गाळणीतून दाबून काढलं. सहा आठवड्यांनी ती उंच खुर्ची माळ्यावरून उतरवली. दादाने ठिपक्याला बसवून पट्टा लावला आणि मोबाइल समोर ठेवला. ठिपका पट्ट्याकडे बघत होता. रडला नाही. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा वाटीकडे, आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिला. ते न रडणं माझ्याच्याने बघवेना.

सव्वाआठ वाजले होते. मी चमचा भरला. हाताने हनुवटी धरली नाही, तेवढं तरी नको, असं स्वतःला सांगितलं. चमचा त्याच्या तोंडापाशी नेला, आणि जित्याची खोड म्हणतात ती अशी: माझ्या तोंडून सवयीने, लाडाने, मला कळायच्या आत निघून गेलं, "हा शेवटचा हं राजा."

ठिपक्याचे खांदे वर गेले. पण डोळे मिटले नाहीत. तो माझ्याकडे बघत होता.

"शेवटचा?" त्याने विचारलं.

बादलीपाशी विचारतो तसं. तो चमच्याचं नाव घेत नव्हता. मला विचारत होता.

मागे दादा उभा होता. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. 'नाही' म्हणावं तर तो तोंड मिटणार आणि वाटी तशीच राहणार. 'हो' म्हणावं तर तो तोंड उघडेल. मग पुढचे बारा चमचे कसे घालायचे ते माझ्या हातांना पाठ होतं. चमच्यासमोर त्याने पहिल्यांदाच मला काही विचारलं होतं आणि माझ्याकडे उत्तर द्यायला एक श्वासभर वेळ होता.

"हो," मी म्हणाले. "शेवटचा."

त्याने तोंड उघडलं. स्वतःहून, रडायला नाही. मी चमचा आत ठेवला, त्याने ओठ मिटून बटाटा काढून घेतला, तोंडात फिरवला, आणि गिळला.

"शाब्बास!" दादाच्या तोंडून निघालं. "दे, दे, पटकन दुसरा दे. घेतोय तो."

ठिपक्याने ओठ आवळून घेतले होते. खांदे कानापर्यंत. पुढचा येणार हे त्याला ठाऊक होतं.

"नाही," मी म्हणाले. "शेवटचा म्हटलंय मी."

"अगं, वेडी झालीस का? घेतला त्याने! असे अजून दहा!"

"शेवटचा म्हटलंय मी, दादा."

दादाने वाटी घ्यायला हात पुढे केला. त्याच्या हातात ती गेली असती तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही. मी ती आधी उचलली आणि नळाखाली धरली. बटाटा जाळीत अडकला, तो बोटांनी ढकलून घालवला. चमचा धुतला. पट्टा सोडून ठिपक्याला खाली घेतलं. दादा भिंतीला टेकून मला नको नको ते बोलत होता. मी उलट उत्तर दिलं नाही, हे आमच्या घरात नवलच.

ठिपका हळूहळू चालत सिंकपाशी गेला. टाचा उंचावून आत बघितलं. मग वळून माझ्याकडे बघत राहिला, कुणी नवीनच बाई घरात आल्यासारखा.

साडेनऊला हॉस्पिटलचा काटा नऊ किलो नऊशे चाळीस दाखवत होता. डॉक्टरांनी ठिपक्याला पुन्हा उभं केलं नाही. खुर्चीवर बसले, चष्मा काढला, आणि म्हणाले, "गुरुवारी."

वहिनी उठली. बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. मी तिच्याशेजारी बसले आणि सकाळचं सगळं सांगून टाकलं. दादाचं कुजबुजणं, खुर्ची, वाटी, माझी जीभ घसरली ते. "मी भरवलं असतं तर आज दहाच्या वर असता," मी म्हणाले. "तुझ्या पोराला नळी माझ्यामुळे लागणार आहे. काय बोलायचं ते बोल."

ती पर्सची चेन उघडझाप करत होती. "तोंड त्याने स्वतः उघडलं?"

"स्वतः."

"आणि तुम्ही खरंच दुसरा दिला नाहीत?"

"नाही."

तिने चेन लावली. "नळी मी सांभाळीन," ती म्हणाली. "ते मला येतं. तुम्ही तुमचं चालू ठेवा." आणि मग तिला रडू फुटलं आणि मलाही, आणि दादा समोरून चहाचे तीन कप घेऊन आला तो तसाच उभा राहिला. कपांतून वाफ येत होती, आणि कुणाला द्यावा हे त्याला कळत नव्हतं.

मौनीबाई खाली येऊन भेटून गेल्या. मला वाटलं होतं, त्यांचाही चेहरा उतरेल. त्या म्हणाल्या, "नळी म्हणजे शिक्षा नव्हे. पोट तिकडून भरलं की तोंडाच्या मागे कुणाची घाई नाही. आता त्याला सवडीने शिकू दे." मी मान हलवली. पटलं होतं असं नाही. घरी जाऊन मी ती उंच खुर्ची भंगारात दिली.

गुरुवारी सकाळी ऑपरेशनच्या आधीच्या खोलीत आम्हा दोघींना आत सोडलं. दादा दाराच्या काचेतून बघत होता. ठिपका वहिनीच्या मांडीवर, अंगात हॉस्पिटलचा ढगळ झगा. सिस्टर वयस्कर, बोलायला गोड, पण नस सापडत नव्हती. उजव्या हाताला पट्टा बांधला, चोळलं, टोचलं.

"झालं हं सोन्या, झालं झालं. हे शेवटचं."

झालं नव्हतं. त्यांनी सुई काढली, डावा हात घेतला. "हे बघ, आता शेवटचं." पुन्हा टोचलं, पुन्हा काढलं. ठिपका असा किंचाळला की वहिनीचा हात सुटला. तो पाय झाडत होता, डोकं मागे आपटत होता. दुसरी सिस्टर धावत आली, एक वॉर्डबॉय आला. तिघांनी त्याला गादीवर दाबून धरलं. एकजण पाय धरून म्हणत होता, "शेवटचं रे, शेवटचं, एकच."

"थांबा," मी ओरडले. "हात काढा सगळ्यांनी. आणि तो शब्द तोंडातून काढू नका."

सिस्टरने माझ्याकडे बघितलं, आता हिलाही आवरायचं का, अशा नजरेने. पण हात थांबले. ठिपका हुंदके देत होता, नाकातून पाणी येत होतं. त्याने त्या सगळ्या तोंडांमधून माझं तोंड शोधलं.

"आत्त्या," तो म्हणाला. "शेवटचा?"

वहिनीने माझ्याकडे बघितलं. हो म्हणा, असं तिचे डोळे म्हणत होते. मलाही तेच म्हणावंसं वाटत होतं; त्याहून जास्त मला आयुष्यात काही म्हणावंसं वाटलं नसेल.

"सिस्टर, खरं सांगा," मी विचारलं. "अजून किती?"

"पायाला बघते. एकदा. नाही मिळाली तर परत एकदा. आता कसं सांगू हो?"

मी गादीशी गुडघ्यावर बसले, त्याच्या डोळ्यांसमोर तोंड नेलं. "नाही ठिपक्या. शेवटचा नाही. अजून एक आहे. दुखेल. कदाचित त्याच्यानंतरही एक असेल. शेवटचा असला की मी सांगीन."

सिस्टर पुटपुटल्या, लहान मुलाला असं सांगतात का. ठिपका रडायला लागला, मोठ्याने, तोंड उघडं टाकून. पण पाय झाडला नाही. सिस्टरने पट्टा बांधला तेव्हा तो माझ्याकडे बघत रडत होता. सुई गेली, निघाली. त्याने प्रश्न विचारला नाही, नुसतं बघितलं.

"नाही," मी म्हणाले. "अजून एक."

चौथ्यांदा टोचलं. नळीत रक्त चढलं. सिस्टरने पट्टी लावली, दुसरी पट्टी लावली, छोटी फळी बांधली. "लागली बाई एकदाची," त्यांनी कपाळ पुसलं. "सांगा आता त्याला."

"आत नेल्यावर परत टोचणार?"

"नाही. झोपेचं औषध यातूनच."

"नक्की?"

"नक्की हो."

ठिपका वाट बघत होता. हुंदका घशात अडवून, ओठ घट्ट मिटून माझ्या तोंडाकडे बघत होता.

"हा शेवटचा होता," मी म्हणाले.

त्याने सिस्टरच्या हातांकडे बघितलं नाही. ट्रेमध्ये अजून दोन सुया होत्या, तिकडेही बघितलं नाही. गादीशी वाकलेल्या वहिनीच्या दंडावर डोकं टेकलं, एक मोठा उसासा सोडला, आणि सगळं अंग सैल सोडून डोळे मिटले.